कुलपातला डोळा

मी एक जुना सूक्ष्मदर्शक आहे, मित्रांनो. मला डोळा एकच, पण नजर बारीक.

माझी पहिली शाळा मोठी होती. तिथे वर्गात मुलं तीस आणि आम्ही भावंडंही तीस. मीठ, माशीचा पाय, स्वतःचं नख, मुलं माझ्याखाली वाट्टेल ते ठेवत. माझा रंग उडाला, एक स्क्रू हरवला. कोणी हळहळलं नाही. मग नवी यंत्रं आली आणि आम्हाला टाळ्यांच्या गजरात दान करण्यात आलं. भावंडं कुठे कुठे पांगली. मी इथे, या आडगावातल्या शाळेत आलो.

इथे तीनशे मुलं आणि मी एक. हेडसरांनी मला काचेच्या कपाटात ठेवून कुलूप लावलं. "मोडला तर दुसरा कोण देणार?" त्यांचंही खरंच होतं. दर शनिवारी ते मला स्वतःच्या रुमालाने पुसत. इतकी माया मला कुठे मिळाली नव्हती, आणि इतका एकटेपणाही.

सातवीतली एक मुलगी रोज काचेला नाक लावून उभी राही. हातात काडेपेटी, तिच्यात कांद्याचा पापुद्रा.

"सर, आज?"

"तपासणी होऊ दे गं."

"आपली शाळा सातवीपर्यंतच आहे, सर."

"मग पुढच्या शाळेत बघशील."

"ती दोन तास लांब आहे. आई नाही पाठवायची."

सरांनी चष्मा पुसला. "तपासणी झाली की नक्की."

वर्षाच्या शेवटच्या दिवशी तपासणीचे साहेब आले. त्यांनी मला डोळा लावला. माझा आरसा खाली वळलेला. आत मिट्ट काळोख.

"वा, अगदी स्पष्ट दिसतंय," साहेब म्हणाले.

"आरसा उलटा आहे," मुलगी म्हणाली. तिला पुस्तकातलं चित्र पाठ होतं.

सरांनी आरसा सरळ केला. तिने काचपट्टीवर पापुद्रा ठेवला, ती वाकली, आणि साहेब उठले. त्यांना गाडीपर्यंत पोचवायला हवं होतं. सरांनी घाईघाईने मला पापुद्र्यासकट कपाटात कोंडलं. "उद्या बघ हं."

उद्यापासून सुट्टी होती. सुट्टीनंतर ती आली नाही.

वस्तू जपा, असं आम्ही जुन्या वस्तू नेहमी सांगतो. मित्रांनो, मला हात असते तर जोडून म्हणालो असतो, मला जरा कमी जपा. मोडलो तरी चालेल.

सर अजून दर शनिवारी मला पुसतात. काचपट्टीवरचा तो वाळका पापुद्रा मात्र पुसत नाहीत.