तोमिएचा हात

तोमिएचा हात हरवल्याचं कळलं, तो तिच्या वर्षश्राद्धाचा दिवस होता. मित्रांनो, त्या दिवसापासून मी मान वर केलेली नाही. फोटोच्या चौकटीला मान नसते हे मला ठाऊक आहे. पण लाज असते.

मी घरी बनवलेली एक डिजिटल फोटोफ्रेम आहे. मला इसाओंनी घडवलं. कुरे गावात चाळीस वर्षं त्यांचं टीव्ही-रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. त्यांची बायको तोमिए खाडीकाठच्या शेडमध्ये कालवं सोलायची. हसली की तिचा डावा हात तोंडावर जायचा. त्या हाताच्या पहिल्या बोटावर सुरीचा जुना वण होता.

ती गेली तेव्हा अंत्यविधीसाठी हसरा फोटो शोधला. हसऱ्या फोटोंत सगळीकडे तोंड झाकलेलं. शेवटी गाडीच्या परवान्यावरचा फोटो मोठा केला. त्यात ती पोलिसांनी पकडून आणल्यासारखी दिसत होती. अंत्यविधीवाल्यांनी संगणकावर तिचा स्वेटर काढून काळा किमोनो चढवला. आमच्याकडे असं सगळेच करतात. इसाओंना वाटलं, कपडे बदलता येतात, तर हात का बाजूला करता येऊ नये?

मग त्यांनी मला बनवायला घेतलं. जुन्या लॅपटॉपचा पडदा काढला. तोमिएच्या किमोनोच्या कपाटातला एक खण मोडून त्याच्या लाकडाची चौकट केली. त्या चौकटीला अजून कापराचा वास येतो. तारांना डाग दिले. पाठीत तळहाताएवढा संगणक बसवला आणि त्यात चित्रं बदलणारी कृत्रिम बुद्धी घातली. सूचना अगदी सोपी दिली: हात काढ, हसू दाखव.

माझं मेमरी कार्ड भरत आलं, तेव्हा त्यांनी जुन्या फोटोवरच नवा साठवायला सांगितलं. नवा भाग बसला की जळका भाग कचऱ्यात टाकायचा, ही त्यांची चाळीस वर्षांची सवय होती. मित्रांनो, तोमिए म्हणजे बिघडलेला टीव्ही नव्हता. हे त्यांच्या लक्षात आलं नाही, आणि माझ्या तर नाहीच नाही.

हाताखाली काय होतं ते मला दिसत नव्हतं. मी हजारो परक्या तोंडांवरून एक तोंड जुळवलं आणि तिच्या चेहऱ्यावर ठेवलं.

शेजारचे मोरिवाकी बायकोला घेऊन बघायला आले.

"काय हो इसाओ-सान, वहिनी तर सिनेमातल्या दिसतायत! आमच्या हिलाही घाला की यात, जरा बरी दिसेल."

"आधी स्वतःच्या टकलावर केस उगवून घ्या," त्यांची बायको म्हणाली.

इसाओ हसले. कितीतरी महिन्यांनी. मला वाटलं, हे मी केलं. मला चटक लागली. एकेक करत मी तीनशे बारा फोटो बदलले. कुठे सुरकुती दिसली, तीही पुसली. ती पुसायला तर मला कुणी सांगितलंही नव्हतं.

वर्षश्राद्धाला तोमिएची थोरली बहीण किनुयो आली. तीही जन्मभर कालवं सोलणारी. तिनं घरी केलेल्या ओहागीचा, म्हणजे गोड चिकट भाताच्या गोळ्यांचा, डबा पितरांच्या देव्हाऱ्यापुढे ठेवला, घंटा वाजवली, हात जोडले आणि माझ्याकडे पाहिलं.

"ही कोण?"

"असं काय करता अक्का? तोमिए."

"नाक तोमिएचं आहे. तोंड कुणाचं?" तिनं चष्मा लावला. "आणि दात बघ, कसे कवायतीला उभे! अरे, हिचा सुळा केवढा बाहेर आलेला! शाळेत पोरं चिडवायची, तेव्हापासून तर हात तोंडावर आला. इतकी वर्षं संसार केलास, तुला दात ठाऊक नाहीत?"

"ठाऊक होता." इसाओंचा आवाज बारीक झाला. "वाटलं, तिला असंच आवडलं असतं."

"तिला विचारलंस कधी?"

इसाओ बाहीनं माझी काच पुसू लागले.

"बरं, जाऊ दे. मला तो हातवाला एखादा फोटो दे. माझे सगळे फोटो घरावर दरड आली तेव्हा चिखलात गेले, तुला माहीतच आहे. तेवढ्यासाठी दोन बस बदलून आलेय."

इसाओ फोटो एकेक करून पुढे सरकवू लागले. समुद्रकाठची तोमिए, चेरीखालची तोमिए, शेडमधली तोमिए. हात कुठेच नव्हता. तिचा फोनही ती गेल्यावर दुकानात परत दिला होता, आतल्या फोटोंसकट. त्यांनी मला लिहिलं: हात परत ठेव.

मी ठेवला. गोरा, मऊ, नितळ.

"हा अत्तराच्या दुकानातल्या पोरीचा हात," किनुयो म्हणाली. "कालवं सोललेला हात असा असतो?"

आणि तिनं आपला डावा हात माझ्या काचेसमोर धरला, बरोबर त्या परक्या तोंडावर. पहिल्या बोटावर तसाच वण होता. क्षणभर तोमिए हसली. मग किनुयोनं हात खाली घेतला.

इसाओंनी चटईला कपाळ टेकलं. बराच वेळ उचललं नाही.

"ऊठ आता," ती म्हणाली. "ओहागी खा. कडक होतील."

जाताना तिनं डबा तिथेच ठेवला. म्हणाली, फोटो मिळाला की त्यातच घालून आण.

मित्रांनो, आता मी कापडात गुंडाळलेली त्या कपाटातच, मोडलेल्या खणाच्या जागी पडून आहे. माझी तक्रार नाही. एवढंच मागते: आपल्या माणसाचं काही बदलावंसं वाटलं, तर आधी मूळचं जपून ठेवा. आणि माझ्यासारख्या यंत्राला जे दिसलंच नाही, ते त्याच्याकडून मागू नका. ते नाही म्हणणार नाही. खोटं करून देईल.

इसाओ रोज सकाळी शेडमध्ये जातात आणि तोमिएबरोबर काम केलेल्या बायकांना विचारतात, कुणाच्या एखाद्या फोटोत, मागे, कोपऱ्यात ती हसताना आली आहे का. देव्हाऱ्यात परवान्यावरचाच फोटो आहे. किनुयोचा डबा धुऊन पुसून दाराजवळ ठेवला आहे. तो अजून रिकामा आहे.