लाल दोऱ्याची पुडी

नाताळला पाच दिवस उरले होते आणि सोनाबाईंच्या टेबलावर सात लोकरी मोजे पसरलेले होते. मोजे मिशनच्या मडमेचे. लढाई पेटल्यावर मडम विलायतेला गेल्या, त्या अजून परतल्या नव्हत्या. जाताना कर्जतहून दहिवलीला जाणाऱ्या वाटेवरचे मुलींचे हे लहानसे वसतिगृह आणि हे मोजे त्यांनी सोनाबाईंच्या हवाली केले होते. वसतिगृहात मोजे घालणारा पाय एकही नव्हता. नाताळच्या आदल्या संध्याकाळी ते व्हरांड्यातल्या दोरीवर टांगायचे, सात मुलींच्या नावाने त्यांत लहानसहान भेटी घालायच्या, आणि सकाळी उपासनेच्या आधी मुलींनी त्या काढून घ्यायच्या, एवढाच त्यांचा उपयोग.

सोनाबाई एका मोज्याची टाच रफू करीत होत्या. समोर इंदूबाई भेटींची मांडामांड करीत बसली होती. जूनमध्ये नाशकाहून शिक्षिकेची परीक्षा देऊन ती इथे आली होती आणि प्रत्येक गोष्टीचे कारण विचारण्याची तिची सवय अजून गेली नव्हती.

"मावशी, या गुंडाळायच्याच कशाला?" ती म्हणाली. "मोजा म्हणजेच वेष्टन झालं की. आत हात घालायचा आणि बोटांनी ओळखायचं, रिबीन आहे की चेंडू. गंमत त्यातच आहे. आणि कागद आहे कुठे? लढाईपायी वह्या मिळेनात, आपल्या मुली गणितं पाटीवर सोडवताहेत."

"उघडी वस्तू आत टाकली की झोळीत टाकल्यासारखी दिसते," सोनाबाई म्हणाल्या.

"कोणाला दिसते?"

सोनाबाईंनी सुई थांबवली. "मला."

इंदूबाईने हातातली रिबीन खाली ठेवली. नगरकडच्या मोठ्या दुष्काळात सात वर्षांच्या सोनाबाई आईचा पदर धरून मिशनच्या फाटकाशी उभ्या राहत, हे तिला ऐकून ठाऊक होते. त्यांच्या पुढे धरलेल्या झोळीत मूठभर ज्वारी पडे. देणारा हात भला होता, परंतु तो कोणाच्या झोळीत काय पडते हे पाहत नसे. म्हणूनच मडम गेल्यावर, गेल्या नाताळला, सोनाबाईंनी मडमेची पद्धत मोडली होती. मडम वस्तू तशाच मोज्यांत सोडीत. सोनाबाईंनी जुन्या सचित्र मासिकाची पाने कापून प्रत्येक भेट गुंडाळली, लाल लोकरीच्या दोऱ्याने बांधली आणि वर मुलीचे नाव लिहिले. आपल्या मुलींना काही दिले तर ते दान वाटू नये, एवढीच त्यांची इच्छा होती. आणि ती त्यांना फार मोठी वाटे.

"चिमाला या वर्षी नुसती फणी?" भेटींवरून बोट फिरवीत इंदूबाईने विचारले.

"फणीच बरी."

"चित्रं किती छान काढते ती."

"कोळशानं काढते, भिंतीवर. पावसाळ्यापासून तीनदा चुना दिला मी," सोनाबाई म्हणाल्या. "गेल्या वर्षी तिला चांगली पेन्सिल दिली होती, एका टोकाला लाल, दुसऱ्या टोकाला निळी. एक दिवस तिच्या हातात दिसली नाही. घरी धाडली असेल भावाला. धाडो बापडी, पण मग भिंत तरी काळी करू नये."

"विचारलंत तिला?"

"विचारायचं काय त्यात?" सोनाबाईंनी दोरा दाताने तोडला.

दुपारी त्या बाजारात इद्रिसच्या दुकानी गेल्या. इद्रिसचे दुकान किराणाचे. गिऱ्हाईक कोणीही असो, त्याचे हात आणि तोंड एकाच वेळी चाले. त्या वेळी तो एका बाईला पावशेर गूळ सागाच्या पानात बांधून देत होता.

"कागद?" तो हसला. "बाई, कागद असता तर मी पानांत माल बांधला असता? सकाळी एक साहेबी टोपीवाला आला घाटातल्या इंजिनावरचा. साखर पानात बघून म्हणाला, हे काय? मी म्हटलं, साहेब, लढाई तुमची, पान आमचं."

"सात पुड्यांपुरता बघ."

"पानं न्या की. ताजी आहेत. धाऊ कोळसेवाला येताना कशेळ्याकडून भारा आणतो. तुमच्या त्या चिमाचाच बाप."

"भाजी बांधायची नाही मला, इद्रिस. भेटी आहेत."

"मंग भेट काय पानाला चावते?" असे म्हणाला खरा, पण गल्ल्याखालून त्याने एक पुठ्ठ्याची घडी काढली. आत मोठ्या आकाराचे दोन पांढरे शुभ्र कागद होते. "थोरल्या मुलीच्या निकाहाची पत्रिका काढायची म्हणून दोन वर्षं जपलेत. आता पत्रिका कोण छापतंय? तिची आई खतीजा म्हणते, तोंडानंच आवतण देऊ. न्या तुमच्या पोरींना." पैसे घ्यायला त्याने साफ नकार दिला.

सोनाबाई घरी आल्या तेव्हा मागच्या अंगणात मुलींच्या वाकळा उन्हात पडल्या होत्या. नाताळच्या आधी अंथरुणे वाळवण्याचा शिरस्ता होता. इंदूबाई व्हरांड्याच्या पायरीशीच थांबली होती. तिच्या हातात एक पुडी होती. मासिकाचा कागद पिवळा पडला होता, कोपरे झिजून मऊ झाले होते. लाल दोरा मात्र जसा बांधला तसाच होता, आणि वर सोनाबाईंच्याच अक्षरात नाव होते : चिमा.

"तिच्या वाकळेच्या शिवणीत होती," इंदूबाई हळूच म्हणाली. "आत शिवून ठेवली होती, मावशी. गाठ सुटलेलीच नाही."

सोनाबाईंनी पुडी हातात घेतली. आतली पेन्सिल बोटांना स्पष्ट लागत होती.

त्यांनी चिमाला बोलावले. नऊ वर्षांची चिमा ओल्या हातांनी धावत आली आणि पुडी पाहताच थबकली.

"मोठ्या बाई, सोडू नका ती!"

"का गं? वर्षभर उघडली नाहीस?"

"उघडायची नसती." चिमाच्या आवाजात इतकी साधी गोष्ट समजावून सांगावी लागल्याचे नवल होते. "भगतानं बांधलेली पुडी भगतानंच सोडायची. मदीच सोडली तर त्यातलं बळ जातं."

"पण ही भगताची नाही. मी दिली होती, नाताळची."

"हां, तुमीच. माझी तुमीच काढलीवती ना गळ्यातली, मी आले तवा? मंग नाताळाला तुमची दिली. दोरा बी लालच."

इंदूबाईने सोनाबाईंकडे पाहिले. सोनाबाईंना ती आषाढातली सकाळ आठवली. बायको गेल्यावर धाऊ ही पोर घेऊन आला होता. तिच्या गळ्यात काळ्या पडलेल्या लाल दोऱ्यात, रोगराईपासून राखायला भगताने मंतरून दिलेली पुडी होती, आत चिमूटभर राख असावी. वसतिगृहाचा नियम म्हणून सोनाबाईंनी ती कात्रीने कापून काढली आणि चुलीत टाकली. पोर रडली नव्हती. म्हणून तिला त्याचे काही वाटले नाही, असे त्या धरून चालल्या होत्या.

"आनि गुण बी आला," चिमा त्यांची समजूत काढल्यासारखी म्हणाली. "भादव्यात समद्या पोरी हिवतापानं पडल्या. धाकट्या बाई बी पडल्या. मला आला काय ताप? नाय."

इंदूबाईला हसू आवरेना. सोनाबाई हसल्या नाहीत. त्या पायरीवर बसल्या आणि त्यांनी चिमाला शेजारी बसवले.

"चिमा, यात राख नाही. तुझ्या कामाची एक वस्तू आहे. ती तुला वर्षभर हवी होती आणि तुझ्यापाशीच होती. मला वाटलं, तू ती घरी धाडलीस. मी मनात राग धरला तुझ्यावर. भिंतीवरून बोलले ते त्या रागानं बोलले. विचारायला हवं होतं, विचारलं नाही."

मोठी माणसे असे बोलतात हे चिमाला नवीन होते. ती पायाच्या अंगठ्याने पायरी खरवडत राहिली.

"मोठ्या बाई, सोडली तर ताप यील?"

'नाही' हा शब्द सोनाबाईंच्या ओठांवर आला होता. परंतु भाद्रपद पुन्हा येणार होता, आणि कर्जतच्या डासांची हमी त्यांना देता येत नव्हती.

"येईलही, न येईलही. पुडी असली तरी आणि नसली तरी. तुझी पुडी आहे. ठेवायची असली तर मी परत शिवून देते."

चिमाने पुडीकडे आणि मग सोनाबाईंच्या हातांकडे पाहिले.

"आला तर कोयनेल द्याल?"

"देईन."

"कडू आसतं."

"वर गूळ देईन."

"मंग सोडा," चिमा म्हणाली. "तुमी बांधलीव, तुमीच सोडा. मी नाय."

गाठ घट्ट बसली होती. कात्री आणायला इंदूबाई उठली, तेव्हा सोनाबाईंनी मानेनेच नको म्हटले आणि नखांनी ती सोडवली. कागद उलगडला. पेन्सिलीबरोबर लिमलेटच्या दोन गोळ्या होत्या; त्या विरघळून कागदाला चिकटल्या होत्या. चिमाने पेन्सिल दोन्ही टोकांनी निरखली, केसांत खोचली आणि गोळ्यांचा कागद चाटायला घेतला.

संध्याकाळी इंदूबाई म्हणाली, "आता तरी पटलं ना, मावशी? गुंडाळल्यानं हे झालं. या वर्षी उघड्याच घालू."

सोनाबाईंनी एक मोजा उचलला, त्याचे तोंड फाकवले आणि फणी आत सोडली. फणी तळाशी जाऊन पडली. तो आवाज त्यांना झोळीच्या दिवसांपासून ओळखीचा होता. त्यांनी फणी पुन्हा बाहेर काढली.

"उघड्या नाही," त्या म्हणाल्या. "चिमाला बोलाव जरा." आणि चिमा आल्यावर विचारले, "तुझा बाप बाजारातून खाऊ कशात आणतो गं?"

"पानात."

"ती पुडी ठेवून देता?"

चिमा खुदकन हसली. "पानाची पुडी कोन ठेवतंय? बा वट्यावर चढायच्या आत आमी फाडतो. नायतर भाऊ खातो."

दुसऱ्या दिवशी सोनाबाई स्वतः इद्रिसकडे जाऊन सागाची पाने घेऊन आल्या. "शेवटी भाजीच बांधायची ठरली काय?" इद्रिसने विचारले. "भाजीच," त्या म्हणाल्या, आणि त्याच्याहून मोठ्याने हसल्या.

रिबिनी, सागरगोटे, चेंडू, फणी, सारे पानांत गेले. केळीच्या सोपटाने एकेक पुडी बांधली गेली. पानावर शाई बसेना, तेव्हा सोनाबाईंनी सुईच्या टोकाने प्रत्येकीचे नाव कोरले. मग इद्रिसचे दोन पांढरे कागद शिल्लक राहिले. सोनाबाईंनी त्यांची सुरळी केली.

"हे चिमाला."

"आणि हे कशात गुंडाळायचे?" इंदूबाईने गंभीर चेहरा करून विचारले. "कागद गुंडाळायला कागद आणू?"

"फार शिकलीस तू नाशकात," सोनाबाई म्हणाल्या. सुरळी त्यांनी तशीच, कशातही न गुंडाळता, चिमाच्या मोज्यात उभी केली. ती इतकी लांब होती की निम्मी बाहेरच राहिली.

नाताळच्या सकाळी व्हरांड्यात पानांचा चुराडा झाला. एकही पुडी क्षणभर टिकली नाही. फणी केसांत अडकवून चिमा मात्र सुरळी घेऊन सोनाबाईंपुढे आली. पेन्सिल तिच्या कानावर होती.

"मोठ्या बाई, ह्यात काय बांधायचं हाय?"

"काही नाही. यावर काढायचं."

"समद्यावर?"

"सगळ्यावर."

चिमा उन्हात बसली. तिने कागद जमिनीवर पसरला आणि चार कोपऱ्यांवर चार सागरगोटे ठेवले. ते तिचे नव्हते, म्हणून त्यांची मालकीणही शेजारी येऊन बसली. उपासनेची घंटा झाली तरी कागद कोराच होता. सोनाबाई तिला उठवायला गेल्या आणि दोन पावलांवर थांबल्या. चिमाने पेन्सिल हातात घेतली होती. आधी लाल टोक की निळे, हे तिचे अजून ठरत नव्हते.

"बाकीच्यांना पुढे घेऊन जा," सोनाबाई इंदूबाईला म्हणाल्या. "आम्ही मागून येतो."