डावा पाय

मी रामकिसन. मूळचा पिशोरचा, पण हर्सूलला राहायला येऊन तीस वर्षं झाली. जन्मभर स्टेअरिंगच धरलं. आधी कन्नडच्या घाटात काळी-पिवळी हाकली, मग ट्रक, अन् शेवटी ही व्हॅन. तीन लाखाच्या वर किलोमीटर झालेत हिच्यावर. खालचा पत्रा सडला, मागचं दार उचलून लावावं लागतं. तरी मी चारचौघांत छाती काढून सांगायचो, रामकिसनच्या हातची गाडी रस्त्यात उभी राहत नाय म्हणून. आता ते बोलायचं तोंड राहिलं नाय.

तीन वर्षांमागं माझ्या दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. पोरगा बन्सी बिडकीनच्या कंपनीत, त्याला पाळीतून सवड नाय. मग सून म्हणली, मी शिकते गाडी. सरू तिचं नाव. माझं डोकंच सणकलं. म्हणलं, व्हॅन म्हणजे काय पोळपाट-लाटणं हाय व्हय? पण पोरीनं शिकून घेतली, लायसन काढलं, अन् सकाळ-दुपार गल्लीतली अकरा पोरं शाळेत न्यायला-आणायला लागली. संध्याकाळी कंपनीतल्या बायांची फेरी. डोळे बरे झाले तरी मी गाडी परत मागितली नाय. रविवारी तेवढी घ्यायचो. कधी पाहुण्यांना वेरूळला न्यायचं, कधी पिशोरला चक्कर टाकायची. पण खरं सांगतो, गल्लीतली लोकं "सरूताईची गाडी आली" म्हणायची, ते ऐकून अंगाची आग व्हायची. गाडी माझी, अन् ताई कुठली मधीच?

तर त्या दिवशी पोरांचा चाचणीचा पेपर होता. पुलाच्या चढावर गाडीनं दम सोडला. इंजिन नुसतं बोंबलायलं, अन् चाक जागचं हलेना. खालून धूर निघाला. सरूनं आधी पोरं उतरवून कडेला घेतली, दोन रिक्षा थांबवल्या, अन् पोरांबरोबर स्वतः शाळेपर्यंत गेली. पण पाऊण तास गेलाच. पहिल्या तासाचा पेपर निम्मा बुडाला.

दुपारी गल्लीच्या चौकात आई-बाप गोळा झाले. काकासाहेब पुढं होते. रिटायर तलाठी, नातू सातवीत, गल्लीत त्यांचा शब्द खाली पडत नाय. सरू सगळ्यांना सांगत होती, क्लच गेला, त्याला कुणाचा इलाज नव्हता, पोरं तर सुखरूप हायेत. लोकं ऐकतही होती. फहमिदा म्हणून एक बाई हाये, शिवणकाम करते, तिची दोन पोरं गाडीत असतात. ती तर म्हणली, "जाने दो, मशीनच हाय ना ती."

तिथंच मिटलं असतं. पण माझी जीभ! मी पुढं झालो अन् म्हणलो, "क्लच असा आपोआप जळतो व्हय? अर्ध्या क्लचवर गाडी रेटली की जळतो. बायामाणसाच्या पायाला दम नसतो. मी तवाच सांगितलं होतं." अन् सगळ्यांदेखत हात पुढं केला. "चावी आण."

सरूनं माझ्याकडं बघितलं. चावी हातावर ठेवली अन् घरी गेली. काकासाहेब म्हणले, "बरं केलंत रामकिसनराव. जुनं ते सोनं." मला लई बरं वाटलं. आता ते आठवलं की जेवण जात नाय.

गाडी ओढून जिन्सीत मुख्तारभाईच्या गॅरेजला नेली. मुख्तारभाई पंधरा वर्षांपासून ह्या गाडीचा हकीम. त्याची एक खोड हाये. गिअरबॉक्स उतरवला की त्याच्या आतल्या बाजूला, जिथं कुणाची नजर जात नाय तिथं, लोखंडी पंच अन् हातोडीनं किलोमीटरचा आकडा ठोकून ठेवतो. क्लचची नवी प्लेट कधी बसली त्याची निशाणी. कागद हरवतो, लोखंड हरवत नाय, असं म्हणतो.

त्यानं जुनी प्लेट काढून माझ्या हातात दिली. पार गुळगुळीत, काळीनिळी झालेली. रिबिटा उघड्या पडलेल्या.

"बघा हो," मी म्हणलो, "सुनेनं काय करून ठेवलंय!"

मुख्तारभाईनं चिंधीनं गिअरबॉक्स आतून पुसला अन् म्हणला, "भाऊ, चष्मा लावा अन् ये देखो."

आत आकड्यांची ओळ होती. एक लाख दहा हजार. एक लाख एक्केचाळीस. एक लाख सत्तर. दोन लाख. दोन लाख एकतीस. अन् मग दोन लाख चोपन्न, ती सरूच्या हातात गाडी गेली तेव्हाची. आज मीटरवर तीन लाख एकोणीस.

"तुमच्या हातात प्लेट तीस हजार चालली," मुख्तारभाई म्हणला. "कधी त्याच्या आतच. बेटीच्या हातात पासष्ट. अन् त्यातबी रविवारी कोण चालवतं?"

"मीच चालवतो," मी म्हणलो.

मग मी जरा भांडलो. घाटाचं काम होतं, तेव्हाच्या प्लेटा हलक्या यायच्या, वजन जास्त असायचं, जे सुचलं ते बोललो. त्यानं मान डोलावली अन् नवी प्लेट बसवली. नवा आकडाही ठोकला. दुसऱ्या दिवशी सकाळी म्हणला, चला, ट्रायल घेऊ. मी स्टेअरिंगवर, तो शेजारी. पडेगावच्या रस्त्याला लागलो. सरळ रस्ता, चौथा गिअर, गाडी लोण्यासारखी चालली होती.

"भाऊ, पाय काढा."

"कुठला पाय?"

"डावा."

खाली बघितलं. माझा डावा पाय क्लचच्या पायडलवर होता. नुसता ठेवलेला, पण तेवढ्या भारानंबी आत प्लेट घासत राहते. मला पत्ताच नव्हता. काढला अन् खाली टेकवला. एक फर्लांग गेलो नसंल तर मुख्तारभाई परत म्हणला, "भाऊ." परत तिथंच! जसा काय तो पाय माझा नव्हताच. घाटात कधी ब्रेकवर गाडी धरायची नाय, अर्ध्या क्लचवर तोलायची, असं मी पंचविशीत शिकलो होतो. त्याचीच मला घमेंड होती. तोच पाय चाळीस वर्षं तसाच राहिला अन् प्लेटा खात बसला.

"तुला आधीपासून ठाऊक होतं?" मी विचारलं.

"पहिल्या प्लेटपासून."

"मग बोलला का नाय, लेका?"

तो खिडकीबाहेर बघायला लागला. "तुम्ही उमरनं मोठे. ड्रायव्हर माणूस. तुम्हाला पायडल शिकवायचं म्हणजे... मेरेकू जमलंच नाही भाऊ. आता तुम्ही बेटीचं नाव घेतलं म्हणून बोललो."

अजून एक सांगायचं राहिलं, तेही सांगून टाकतो. बंद पडायच्या आधीच्या रविवारी मी पाहुण्यांना घेऊन वेरूळला गेलो होतो. घाट चढताना जळका वास आला होता. मला आला होता! मी म्हणलं, पुढच्या ट्रकचा असंल. काच वर केली. घरी येऊन सरूला एका शब्दानं सांगितलं नाय. सांगितलं असतं तर सोमवारी तिनं पोरं बसवून गाडी काढलीच नसती.

आता शहाण्या माणसानं काय केलं असतं? त्याच दिवशी घरी येऊन सुनेच्या पुढं कान धरले असते. मी नाय धरले. मी आठ दिवस गप बसलो. रोज सकाळी पोरं बसवायचो, आई-बापांचे नमस्कार घ्यायचो. "आता कसं, निर्धास्त," असं काकासाहेब रोज म्हणायचे अन् मी रोज हसायचो. गाडी सुरू झाली की डाव्या पायाशी भांडण सुरू. काढायचो, तो परत जायचा. पन्नास वेळा काढला तर एक्कावन्नाव्या वेळी गेलाच. म्हातारपणी स्वतःचा पाय ऐकत नाय अन् मी सुनेला दम शिकवायला निघालो होतो.

सरू घरातलं सगळं करायची. चहा द्यायची, ताट वाढायची, "मामा, अजून भाकर घ्या" म्हणायची. कंपनीच्या बायांनी दुसरी गाडी लावून घेतली, तेही तिनं मला सांगितलं नाय, बन्सीकडून कळलं. एकदा संध्याकाळी बघितलं तर ती ओट्यावर तांदूळ निवडत बसलेली अन् कंपनीच्या फेरीच्या वेळेला आपोआप उठून उभी राहिली. मग आठवलं तसं परत खाली बसली. ते मला बघवलं नाय.

मी तिथंच तिच्यासमोर बसलो अन् सगळं ओकलो. आकडे, पाय, वेरूळचा वास, सगळं. "माझं चुकलं पोरी. माझ्या जिभेला हाड नाय. ही घे चावी."

तिनं हात पुढं केला नाय. तांदळातला खडा काढला, बाजूला टाकला.

"मला ठाऊक होतं मामा," ती म्हणली. "रविवारनंतर सोमवारी दरवेळी पायडल वेगळं लागायचं."

"मग तू तरी बोलायचं ना त्या दिवशी!"

"चौकात? सगळ्यांच्या पुढं सासऱ्याला खोटं पाडू?" तिनं पहिल्यांदाच माझ्याकडं नीट बघितलं. "चावी तुम्ही चौकात घेतली. द्यायची तर चौकातच द्या."

बरोबर बोलली. शंभर टक्के बरोबर.

दुसऱ्या दिवशी सकाळी चौकात गाडी लावली, सरूला ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं अन् मी गाडीच्या पुढं उभा राहिलो. आई-बाप पोरं घेऊन आले. मोठ्यानं बोललो.

"ऐका सगळे. क्लच सरूनं जाळला नव्हता, मी जाळला. माझा पाय कायम पायडलवर असतो. मुख्तार मिस्त्रीनं दाखवलं मला. तिच्या हातात प्लेट दुप्पट चालली. मी त्या दिवशी तिच्यावर खोटा आळ घेतला. चूक माझी होती. आजपासून गाडी तीच चालवणार." अन् खिडकीतून चावी तिच्या हातात दिली.

मग काकासाहेबांनी चष्मा काढला, डोळे पुसले अन् लोकांकडं वळून म्हणले, "बघा. याला म्हणतात सासरा! सुनेची चूक आपल्या अंगावर घ्यायला वाघाचं काळीज लागतं."

"अहो, अंगावर नाय घेत!" मी ओरडलो. "खरंच माझी चूक हाय!"

"व्हय व्हय, कळलं आम्हाला," कुणीतरी म्हणलं. एक बाई शेजारणीला हळूच म्हणली, देवमाणूस हो. मी आकडे सांगायला लागलो. एक लाख दहा, एक लाख एक्केचाळीस... जितका ओरडलो तितकी लोकं माना डोलवायला लागली. सरूला खिडकीतून सगळं ऐकू जात होतं. तिचे हात स्टेअरिंगवर होते अन् ती समोर बघत होती.

फहमिदा तेवढी पुढं आली. माझ्या तोंडाकडं रोखून बघत म्हणली, "चाचा, हे खरं असंल तर आठ दिवस गप का बसलात?"

मी मान खाली घातली. तिला उत्तर मिळालं असावं. तिनं आपली दोन्ही पोरं उचलून गाडीत बसवली, सरूला म्हणली, "चल बेटा, देर हो रही." बाकीच्यांनी पोरांचे हात सोडले नाय. "आजच्या दिवस आम्हीच सोडतो," "उद्यापासून तुम्हीच या ना भाऊ," असं करत एकेक जण स्कूटरीकडं वळला. अकरातली दोन पोरं घेऊन सरू गेली. गिअर टाकल्याचा आवाजसुद्धा आला नाय, इतकी हलकी उचलली तिनं गाडी.

काकासाहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "मनाला लावून घेऊ नका रामकिसनराव. सगळी गल्ली तुमच्या बाजूनं हाये. चला, चहा घेऊ."

नाय म्हणायचं होतं. हात झटकून एकेकाच्या दारात जायचं होतं, परत परत सांगायचं होतं, कुणीतरी मला शिव्या घालेपर्यंत. पण त्या हाताखाली मला बरं वाटायला लागलं होतं.

मी चहाला गेलो.