खिडकीतून मोजलेली एकशे बारा माणसं

मला माणसं मोजायला बसवलं ते तळमजल्यावरच्या सरांनी. सर निवृत्त मुख्याध्यापक. निवृत्त शाळेतून झाले. गल्लीतून अजून व्हायचे आहेत.

आमच्या घरासमोर एक प्रार्थनागृह आहे. दर रविवारी साडेअकरा ते दीड प्रार्थना आणि गाणी. त्यांच्या परवान्याला पाच वर्षं होत आली होती, म्हणून नूतनीकरणाआधी नगरपालिकेने शेजाऱ्यांच्या हरकती मागवल्या. परवान्यात एका वेळी ऐंशी माणसांची मर्यादा होती.

"ऐंशीच्या वर माणसं येतात हे सिद्ध झालं, की परवाना गेला," सर म्हणाले. "तुमची खिडकी बरोबर दारासमोर आहे. आणि तुम्ही संख्याशास्त्रातल्या पदवीधर."

संख्याशास्त्रात मला प्रथम श्रेणी मिळाली होती. लग्नानंतर त्याची आठवण काढणारे सर पहिलेच. पण मी हो म्हटलं ते छकुलीसाठी. सात महिन्यांची माझी पोर रात्री दोन-दोन तासांनी उठते. तिची एकुलती एक लांब झोप दुपारी बाराची, आणि त्याच वेळी समोर पेटीचा सूर लागतो. ती झोप मोडली की पुढचा दिवस तिचा नसतो, माझाही नसतो.

तर त्या रविवारी एका हाताने पाळणा हलवत मी दुसऱ्या हाताने वहीत रेघा मारत होते. आत जाणारा प्रत्येक माणूस म्हणजे एक रेघ, आणि पुढे शेरा. सासूबाई मागून बघत होत्या.

"अगं, शेरे कसले लिहितेस? स्थळं बघतेयस का?"

"पुरावा पक्का हवा, आई."

दीड वाजता रेघा एकशे बारा झाल्या. सरांनी वही दोन्ही हातांनी घेतली, निकालपत्रक घ्यावं तशी.

सुनावणी नगरपालिकेच्या दुसऱ्या मजल्यावर, बारा खुर्च्यांच्या खोलीत होती. पंखा घरघरत होता आणि छकुली माझ्या मांडीवर टक्क जागी होती. टेबलामागे परवाना विभागाच्या अधिकारी बाई. प्रार्थनागृहाकडून त्यांचे सचिव आले होते, हातात नोंदवही आणि डोक्यावर तपकिरी टोपी घेऊन. ती टोपी मी लगेच ओळखली. तिच्याबद्दल मी बरंच काही लिहून ठेवलं होतं.

"आमच्या नोंदवहीत त्या दिवशी चौऱ्याहत्तर सह्या आहेत," टोपीवाले म्हणाले.

"आमच्याकडे एकशे बारा आहेत. शास्त्रीय मोजणी," सर म्हणाले.

बाईंनी चष्मा लावला आणि माझी वही मोठ्याने वाचायला घेतली. शेऱ्यांसकट. माझे कान तापले.

"लाल स्वेटर, घाईत. निळी छत्री. लाल स्वेटर, जास्त घाईत. लाल स्वेटर, रागात." बाई थांबल्या. "लाल स्वेटरवाल्या किती आहेत हो तुमच्यात?"

"एकच आहे," टोपीवाले म्हणाले. "सरांनी तिला तीनदा गाडी हलवायला बाहेर बोलावलं. त्या दिवशी बऱ्याच जणांना बोलावलं."

"गाड्या फाटकासमोर होत्या," सर म्हणाले.

"पहिल्यांदा होत्या. मग तुम्ही म्हणालात झाडाखाली नको. मग म्हणालात कडेला नको."

मी आत जाणारे मोजले होते. बाहेर येणारे मोजायचे असतात हे प्रथम श्रेणीला सुचलंच नव्हतं.

बाई पुढे वाचत होत्या. "तपकिरी टोपी. माझ्या खिडकीखाली उभा राहतो, वर बघतो, आत जातो. संशयास्पद. तपकिरी टोपी, पुन्हा. तपकिरी टोपी, सहाव्यांदा, आता कानामागे हात. पोलिसांना सांगावं का?"

सगळ्यांनी टोपीकडे पाहिलं. टोपीवाल्या आजोबांनी ती काढून मांडीवर ठेवली.

"मार्चमध्ये ताई एकदा खिडकीतून म्हणाल्या होत्या, 'बाळ झोपलंय हो.' तेव्हापासून दर गाण्याला मी त्यांच्या खिडकीखाली येऊन ऐकतो, आवाज वर पोचतोय का ते. पोचत असला तर आत जाऊन त्यांना हळू घ्यायला सांगतो. त्या दिवशी नऊ गाणी होती."

मी तसं म्हणाले होते हे मला आठवतसुद्धा नव्हतं. झोपेशिवायच्या महिन्यांत माणूस काय काय बोलतो.

"मग, ताई," बाईंनी वही माझ्याकडे सरकवली, "मोजणी कायम ठेवताय की मागे घेताय? परवाना यावर अडलाय."

सर माझ्याकडे बघत होते. शाळेत असते तर त्यांनी मला बाकावर उभं केलं असतं. मला बारा ते दीडची शांतता दिसत होती, शिक्का मारून मिळणारी. फक्त 'कायम' म्हणायचं होतं. मग आजोबांच्या मांडीवरची टोपी दिसली आणि छकुलीने तिच्याकडे हात पुढे केला.

"मागे घेते," मी म्हणाले. "एकच माणूस मी नऊ-नऊदा मोजलाय. पण बारा ते दीड माझं बाळ झोपतं, एवढी हरकत लिहून घ्या. ती खरी आहे."

"परीक्षेत कॉपी केली होती का हो?" सर पुटपुटले.

परवाना मिळाला. अट क्रमांक सात बाईंनी स्वतः तयार केली: समोरच्या खिडकीत पिवळं दुपटं वाळत असल्यास गायन मंद स्वरात करावे, दुपटं काढल्यास बंधन नाही.

"सरकारी कागदावर दुपटं," सासूबाई म्हणाल्या. "आता ते धूत जा जरा."

पुढच्या रविवारी मी बाराला दुपटं टाकलं. समोरचं गाणं मुंगीच्या पावलांनी चालायला लागलं. छकुली चक्क झोपली. टोपीवाले तरीही बाहेर आले, वर पाहून त्यांनी 'झोपली का?' म्हणून गालाखाली हात धरला. मी मान हलवली. पाऊण तास घरात टाचणी पडली असती तरी ऐकू आली असती.

आणि दाराची बेल वाजली. लांबलचक.

"आज किती?" सर दारात उभे होते, हातात नवी वही.

आत छकुलीने गळा काढला. मी आत गेले. तिला कडेवर घेतलं, खिडकीशी गेले आणि दुपटं आत ओढलं.

खाली तपकिरी टोपी लगबगीने आत शिरली आणि चौऱ्याहत्तर माणसांनी, काही कमी-जास्त असतील, मोकळ्या गळ्याने सूर लावला. सर दारात उभं राहून बराच वेळ काहीतरी सांगत होते. मला त्यातलं अक्षर ऐकू आलं नाही.