पहिल्या रांगेतला शालिग्राम

रावेरकडच्या आमच्या गावात ग्रामोफोन फक्त शालिग्राम पाटलाकडे होता. त्यामुळे गाण्यातलं कळतं ते त्यालाच, असं आधी त्याने आणि मग गावाने ठरवून टाकलं होतं. वीस एकर केळी असलेल्या माणसाला गाणं कळत नाही, असं कोण म्हणणार? मी शाळामास्तर, मी तर मुळीच नाही.

पंचावन्न साली त्याने जाहीर केलं, की यंदा आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, इंदूरचा खराखुरा गवई गावात आणणार. आणायला आम्ही तिघं निघालो: तो, मी आणि भजनी मंडळाचा पेटीवाला झुलाल. झुलाल मूळचा पारोळ्याकडचा. बोलायचा अहिराणीत, आणि फार कमी.

खांडव्याला गाडी बदलून इंदूरला उतरलो, तर शहर नुसतं वाजत होतं. एका बोळात सतार, दुसऱ्यात तबला, पोह्यांच्या दुकानात रेडिओ, रस्त्यावर लग्नाचा बँड. शालिग्राम दर दारापाशी थांबून डोळे मिटायचा. असाच एकदा टांग्याखाली जाता जाता वाचला.

दुसऱ्या दिवशी सकाळी, ज्यांना गावात न्यायचं होतं त्या गिरधरबुवांची बैठक होती. शालिग्राम थेट पहिल्या रांगेत जाऊन बसला. दाद कुठे द्यायची हे त्याला ठाऊक नव्हतं. पण उजवीकडच्या म्हाताऱ्याची मान हलली, की हा हात उडवून "वा, बुवा" म्हणायचा. म्हाताऱ्याची मान फार हलत होती. गाणं संपल्यावर म्हाताऱ्याचा मुलगा त्याला न्यायला आला, तेव्हा कळलं, की मान हलणं हा आजार आहे आणि ऐकू येणं तर दोन वर्षांपूर्वीच बंद झालंय.

"तरी मान बरोबर जागेवरच हलत होती," शालिग्राम म्हणाला.

संध्याकाळी आमंत्रण द्यायला बुवांच्या घरी गेलो. आम्ही केळीच्या मुलखातले, हे कळताच बुवांचा चेहरा खुलला. गाण्याचं बाजूला राहिलं. ते आम्हाला परसात घेऊन गेले. तिथे भिंतीच्या सावलीत केळीची दोन झाडं उभी होती, कमरेएवढी, पिवळी पडलेली.

"केळीला ऊन सोसत नाही," बुवा आम्हाला समजावू लागले. "पाणी आठवड्यातून एकदा, तेही बेताचं. आणि पानं सारखी कापत राहायची, म्हणजे सगळा जोर घडात जातो. तुमच्याकडे हे शास्त्र कुणी सांगत नसेल."

शालिग्रामचे कान लाल झाले. मी त्याची बाही ओढली, पण तो थांबला नाही.

"बुवा, ज्याला ज्यातलं कळत नाही, त्यानं तिथं गप्प बसावं."

बुवा शांतपणे म्हणाले, "मलाही सकाळपासून एकाला हेच सांगायचं होतं."

शालिग्राम खाली बघू लागला. मग झुलाल म्हणाला, "भाऊनं मन साफ शे, बुवा. गावले तुमनं गानं ऐकनं शे."

"येईन," बुवा म्हणाले. "पण हे पुढे बसणार नाहीत. यांच्या दादेनं माझा तबलजी दोनदा चुकला."

बुवा शब्दाला जागले. आखाजीच्या दुपारी मारुतीच्या मंडपात गाणं सुरू झालं. झुलाल पेटीवर बसला आणि शालिग्राम नवा कोट घालून पार शेवटी, खांबाला टेकून.

"भाऊ, इतके मागे?" तोताराम सरपंचाने विचारलं.

शालिग्रामने क्षणभर विचार केला. "गाणं मागूनच ऐकायचं असतं," तो म्हणाला. "इंदूरचे सगळे जाणकार मागे बसतात."

सरपंच लगेच उठून मागे गेला. मग कापडवाले भंवरलाल शेट उठले, मग त्यांच्या दुकानातले, मग सगळी भावकी. दुसरी चीज सुरू होईतो पुढच्या सतरंज्या रिकाम्या झाल्या, आणि त्यांवर एक शेळी येऊन बसली.

गाणं संपल्यावर बुवांनी मला बाजूला घेतलं. "मास्तर, तुमच्या गावाला माझं गाणं आवडलं नाही का?"

"फार आवडलं," मी म्हणालो. "म्हणूनच तर लांब बसले."