बाबा घरी असतो तेव्हा

लिफ्टच्या दुरुस्तीचं काम म्हणजे कुठे ना कुठे कोणीतरी दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेलंच असणार, आणि ज्याच्याकडे कंपनीचा फोन त्याने हातातला घास टाकून पळायचं. मेकॅनिकने अकरा वर्षं अशी पळण्यात काढली. मुलीच्या वाढदिवसाला पळाला, बायकोच्या ऑपरेशनच्या दिवशी पळाला, सासरे गेले तेव्हाही निम्म्या वाटेवरून माघारी पळाला. साहेब म्हणायचे, "अरे, कंपनी म्हणजे आपलं घरच." घरच म्हणायचं, फक्त या घरात सुट्टी मागितली की सगळ्यांची तोंडं वाकडी व्हायची. शेवटी जीव अगदी मेटाकुटीला आला आणि एका सोमवारी त्याने राजीनामा दिला. मुलगी आठ वर्षांची झाली होती आणि ती कितवीत आहे हे त्याला कुणीसं विचारलं तेव्हा पटकन सांगता आलं नव्हतं. एवढं कारण पुरलं.

पहिले दोन दिवस तो नुसता झोपला. तिसऱ्या दिवशी दुपारी कपाट आवरताना मुलीची प्रगतिपुस्तकं हाती लागली. पालकांच्या रकान्यात दर वेळी त्याचीच सही होती. घाईत शेवटचं अक्षर खाली ओढायची त्याची खोडसुद्धा तशीच उतरली होती.

"छान गिरवतेस हं माझी सही," तो बायकोला हसून म्हणाला.

"मी कशाला गिरवू?" ती कपड्यांच्या घड्या घालत होती. "तूच केल्यास की. गणितात मार्क कमी पडले तेव्हा तासभर तिला समजावत बसला होतास."

त्याला काही आठवेना. पण इतक्या वर्षांच्या दमणुकीत काय काय विसरलो असू कुणास ठाऊक, असं म्हणून त्याने तो विषय सोडून दिला.

मग हे रोजचंच झालं. खिडकीची कडी म्हणे त्यानेच बसवली, मुलीला सायकल त्यानेच शिकवली. शेजारच्या आजोबांनी तर जिन्यात थांबवून, "घरात रमणारा बाप असा विरळाच हो," म्हणत पाठ थोपटली. खरं तर आनंद व्हायला हवा होता, पण तो तडक घरात जाऊन बायकोला खोदून विचारू लागला. मुलगी तापाने फणफणली होती त्या तीन दुपारी तोच तिच्या उशाशी होता, असं बायको सांगत होती. त्या तिन्ही दुपारी तो एका इस्पितळाच्या लिफ्टखाली पाठ मोडून काम करत होता, आणि हे त्याला पक्कं आठवत होतं.

"मी तिथून चार वेळा फोन केला होता. उचलला का नाहीस?"

"तू इथे बसलेला," बायको म्हणाली, "मग तुझ्या नावाने फोन करणाऱ्याशी मी काय बोलणार होते?"

आठवडा सरत आला तशी घरातली बडबड आटत गेली. दोघांच्याच चहाला बायको तीन कप भरायची आणि एक तसाच निवून जायचा. मुलगी शाळेतून आली की दारातच थबकायची, आतल्या खोलीत डोकावून यायची, आणि हिरमुसून दप्तर खाली टाकायची. तो अभ्यासाला जवळ बसला तर अंग चोरून घ्यायची. तिने एकदा आपल्याकडे बघून हसावं, बस्स, त्याला दुसरं काही नको होतं. त्यासाठीच तर त्याने नोकरीवर पाणी सोडलं होतं.

शनिवारी दुपारी साहेबांचा फोन आला. "झालं गेलं विसर. सोमवारपर्यंत तुझी जागा ठेवतो."

"नको साहेब," तो म्हणाला. "आता मी घरीच असणार."

फोन ठेवून वळला तर मुलगी मागेच उभी होती. ती जवळ आली आणि आठवड्यात पहिल्यांदाच तिने आपण होऊन त्याचा हात हातात घेतला. त्याला भडभडून आलं. तिच्याशी बोलायला म्हणून तो खाली गुडघ्यांवर बसला.

"तुम्ही कामाला परत जा ना," ती अजिजीने, अगदी हळू म्हणाली. "तुम्ही घरी असलात की बाबा येत नाही."