अप्पांनी दाबलेलं बटण

मेल आल्यापासून ती खुर्चीला टेकली नव्हती. स्वयंपाकघर ते गॅलरी, गॅलरी ते स्वयंपाकघर. "फरशी झिजेल," नवरा म्हणाला. तिने नुसतं बघितलं, तसा तो पेपरात तोंड घालून बसला.

प्रोजेक्ट मॅनेजमेंटचं सर्टिफिकेट एकदा मिळवून भागत नाही. ते टिकवायला ठरावीक तास व्याख्यानं ऐकल्याचं दाखवावं लागतं. तिने दाखवलं होतं. आता सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेने नेमकं तिलाच तपासणीसाठी निवडलं होतं: काय शिकलात ते लिहा आणि 'हे मी स्वतः ऐकलं' अशी ग्वाही द्या. आज संध्याकाळपर्यंत.

काय डोंबल ऐकणार? दिवसभर ती हॉस्पिटलच्या नव्या इमारतीवर गवंड्यांशी आणि लिफ्टवाल्यांशी घसा फोडत असायची. ज्यांनी कधी विटेला हात लावला नाही ते कामाबद्दल भाषणं ठोकणार, आणि काम करणाऱ्यांनी ती ऐकल्याचे पुरावे द्यायचे. पण सर्टिफिकेट गेलं की पुढच्या टेंडरमधून तिचं नाव जाणार, आणि काम कंपनीतल्या साहेबांच्या भाच्याच्या घशात. पहिल्या खेपेला नापास होऊन, नातेवाइकांचे टोमणे खाऊन मिळवलेला कागद होता तो.

म्हणून व्याख्यानं घरी लॅपटॉपवर चालायची. मधूनच पडदा विचारायचा, 'आपण आहात ना?' आणि सासरे लसूण सोलता सोलता बटण दाबायचे. सगळे असंच करतात.

"अप्पा, त्या व्याख्यानांत काय होतं हो?"

"तो टायवाला? बरा बोलायचा. म्हणे, धोका आधीच ओळखून ठेवावा. मी हिला सांगितलं, तर ही म्हणाली, लग्नाआधी सांगायचं होतंत."

"खोटं नव्हतं ते," सासूबाई आतून म्हणाल्या.

अप्पांना सगळं पाठ होतं. ते सांगत गेले, ती उभ्याउभ्या टाइप करत गेली. रकाने भरले. उरली ग्वाहीची चौकट. तिथे बोट अडलं.

सोमवारीच तिने सेफ्टीवाल्याला कामावरून काढलं होतं. परांचीवर न चढता त्याने तपासणीची सही ठोकली होती. "मॅडम, परांची पक्कीच आहे," तो म्हणाला होता, आणि ती खरंच पक्की होती. "चढला नाहीस, तर सही कशाची केलीस?" असं तिने त्याला सगळ्यांसमोर झापलं होतं. माणूस मान खाली घालून गेला.

तिने गॅलरीची आणखी एक फेरी मारली. मग सगळे रकाने पुसले आणि एकच वाक्य लिहिलं: व्याख्यानं मी ऐकली नाहीत, सासऱ्यांनी ऐकली. पाठवून टाकलं.

"म्हणजे माझ्यामुळे गेलं का गं?" अप्पांचा आवाज बारीक झाला.

"तुमच्यामुळे कसं? बसवलं कुणी तुम्हाला?"

तेवढ्यात साहेबांचा फोन. "झालं का तुमचं ते?"

"नाही झालं. पुन्हा परीक्षेला बसावं लागेल बहुतेक."

"अहो, टेंडर परवा आहे. मग भाच्याचं नाव घालू?"

घशाशी आलेली शिवी तिने गिळली. "घाला. पण हॉस्पिटल पुरं होईपर्यंत तिथली मॅनेजर मीच ना?"

"तुम्हीच."

"मग उद्या लिफ्टवाल्यांच्या मालकाला साइटवर उभा करा. नोकरांना ओरडून मला आता कंटाळा आलाय."